पाणमोट

मुहर्रकमध्ये बाहेर सेहेचाळीस,
इन्क्युबेटरमध्ये सदतीस.
दार उघडताना मी दरवेळी श्वास धरते,
झोपलेल्याच्या खोलीत शिरावं तशी.

नंबर एकेचाळीस. सोळाव्या आठवड्यातलं गर्भजल.
चाचणीला लागलं तेवढं लागलं,
उरलेलं चार मिली, गव्हाच्या काडासारखं पिवळट,
आमच्याकडे आलं.
संमतीपत्राची झेरॉक्स सही झाकून.

त्यातल्या बहुतेक पेशींचं ठरून गेलेलं:
कातडीच्या, मूत्रमार्गाच्या,
आपापल्या घरून गळून निघालेल्या.
शंभरात एखादी मात्र
अजून कुणाचीच नव्हती.
तिला वेगळं काढलं, तळाला चिकटू दिलं,
दर तीन दिवसांनी तिचं पाणी बदललं.
माझ्या सीपीआर कार्डावर लिहिलंय, तंत्रज्ञ.
तिच्यावर काहीच लिहिलेलं नाही.
हेवा वाटला, हे मी नोंदवहीत लिहिलं नाही.

जनुकं सगळ्यांत सगळीच असतात,
बोलतं कोण, एवढाच प्रश्न.
पुस्तकात त्याला म्हणतात अभिव्यक्ती.
उमरग्याला रणखांबे सर निबंध परत करताना
हाच शब्द वापरायचे,
‘अभिव्यक्ती कमी पडते.’
आता यंत्र सांगतं.
सव्विसाव्या फेरीला पडद्यावर रेघ उठली:
ऑक्ट-फोर बोलतोय, हळू, पण बोलतोय.
बाकीचे कितीतरी गप्प.
गप्प म्हणजे नाहीत असं नव्हे,
बारीक कुलपं आहेत त्यांच्या तोंडाला.
आठ ते पाच माझी मराठीही तशीच असते.

टिपांचे डबे भरता भरता बुदूर सांगते,
तिचे पणजोबा मोत्यांसाठी बुडी मारायचे
आणि तहानेसाठीही.
खाऱ्या समुद्राच्या तळाशी गोडे झरे होते.
चामड्याची पिशवी झऱ्यावर उपडी धरायची,
तोंड आवळायचं, वर यायचं.
आता झरे गेले.
नळाला गाळलेला समुद्र येतो.

मी म्हटलं, आमच्याकडे त्या पिशवीला मोट म्हणतात,
आणि बाळ जिच्यात तरंगतं, तिला पाणमोट.
‘तीच पिशवी?’
मोट मी कधी पाहिलेली नाही.
शब्द तेवढा विमानात माझ्यासोबत आला.
म्हटलं, तीच.

मधले वर्षभर एकेचाळीस नायट्रोजनमध्ये गोठून होती.
आज नवव्यांदा तिची वाटणी केली,
एका फ्लास्कच्या तीन.
सूक्ष्मदर्शकाखाली अजून तशीच,
कशाचीच घाई नसलेली.

संध्याकाळी कोल्ड स्टोअरपाशी
बोटांवर महिने मोजले.
सगळं नीट झालं असेल, तर त्या मुलाला
आता दोन दात असतील.

दारात एक स्ट्रोलर होती.
आतलं कुणीतरी अंगठा चोखत होतं,
नखासकट पूर्ण झालेला अंगठा.
मी लबनची बाटली घेतली
आणि सुटे मोजत राहिले,
लागतो त्यापेक्षा जास्त वेळ.