मिळालं

तांडापेठेतून कुठल्याही दिशेला निघा,
समुद्र रात्रभराच्या गाडीइतका लांब.
तिथल्या एका कोष्ट्याचा पोरगा, बळीराम धकाते,
मागावरून उठला आणि नेव्हीत गेला.
बापानं विचारलं म्हणे, "पोहता येते का बे तुले?"
"नाही. पण गाठी मारता येतात."

सव्वीस जानेवारीला वॉर्डातले लोक बोलवायचे,
पदकं लावून या म्हणायचे,
लढाईचं सांगा, काका.
काका सांगायचे कुट्टन नावाच्या स्वयंपाक्याचं,
जहाज आडवं होऊ लागलं तरी
त्यानं डाळीचा थेंब सांडू दिला नाही.
एवढं बोलून खाली बसायचे.
पोरं जिलेबीच्या टोपलीकडे बघत असायची.

एकदाच, नळावर, कुणी विचारलं नसताना म्हणाले,
"झेंड्यानं निरोप देल्ला होता मी.
समोरून काई आलं नाही.
हात वर करून उभाच होतो. लय वेळ."
बादली भरली. घेऊन गेले.

मी नऊ वर्षांची असताना
त्यांनी मला टकटक शिकवली,
छोटं, लांब, इंग्रजी अक्षरांत मराठी,
भिंतीच्या अलीकडून पलीकडे:
पतंग कटली. आई रागावली. भाजी कोणती?

मागच्या मे महिन्यात पारा सत्तेचाळीसवर,
आणि काकांचं उजवं अंग गेलं. वाचा गेली.
डावं बोट खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटत राहायचं.
"भ्रम झाला जी त्यायले," काकू म्हणाल्या.
मी पन्हं घेऊन गेले होते. ग्लास तसाच हातात.
पी. ए. एन. आय.
"काकू, पाणी मागतात."
चमचा पुढे केला, त्यांनी ओठ मिटले.
पुन्हा तेच चार. पुन्हा.
कपाळावर आठी, जशी माझं स्पेलिंग चुकलं की यायची.

मग मला ऐकू आलं.
खिडकीतल्या कूलरचा पंप कोरडा फिरत होता.
खोलीत आम्ही पाच जण, धडधाकट कानांचे.

वसंतदादानं दोन बादल्या ओतल्या.
वाळा भिजला, वास सुटला,
काकांचं बोट थांबलं.
मी दांडीवर वाजवलं: छोटं, लांब, छोटं.
म्हणजे, मिळालं.
त्यांनी डोळे मिटले. झोप लागली असावी.

चौथ्या दिवशी गंगाबाई घाट.
कुणीतरी म्हणालं, राख मुंबईला न्यावी, समुद्रात.
काकू म्हणाल्या, "मी इचारलं होतं त्यायले, मागंच.
म्हणे, समुद्र पाह्यला मी पोटभर,
अंबाळ्यातच टाका."

रामटेकला वारा नव्हता.
राख पायरीशीच तरंगत राहिली, जाईना.
वसंतदादानं वाकून
हातानं पाणी ढकललं. दोनदा.