गाठीवर बोट

शेटलंडच्या या टोकाला झाडं नाहीत.
एक आहे, शाळेच्या भिंतीआड, वाकलेलं,
त्याच्या फांदीला कात्री लावायची कुणाची छाती नाही.
तेव्हा नाताळात दारावर लावायचं गोल तोरण
फरच्या डहाळ्यांचं कुठून असणार?
लोकरीचं करायचं. मेंढ्या माणसांपेक्षा जास्त.

खेकड्यांच्या मोडक्या पिंजऱ्याची तार वाकवून
कडं केलं. ओट्सच्या खोक्याचा पुठ्ठा कापला,
दोन चकत्या, मध्ये भोक,
आणि गुंडाळत बसले:
मोज्यांतून उरलेला शेवाळी,
रॉबिनाच्या बाळाच्या टोपीतला पिवळा
(बाळ आता ट्रॉलरवर असतं, दाढी आहे त्याला),
आणि न रंगवलेला तपकिरी,
ओला झाला की अजून मेंढीचा वास मारणारा.
लाल थोडाच होता. लाल आणायला फेरी हवी,
फेरी तीन दिवस बंद.

सत्तर वेढे, ऐंशी वेढे, भोक बुजेपर्यंत.
मग कडेनं कात्री फिरवायची
आणि चकत्यांच्या मधून दोरा घालून आवळायचं.
इथं घोडं अडतं.
पहिली गाठ सैल पडू नये म्हणून
दुसरी मारेपर्यंत तिच्यावर कुणीतरी
बोट ठेवावं लागतं.
सिनक्लेअर होता तोवर त्याचं असायचं.
वाचता वाचता, न बघता, तर्जनी पुढं करायचा.
पान उलटायचं राहायचं तेवढं.

दातात धरून पाहिलं. गोंडा तोंडात फुटला,
झोपेपर्यंत लोकर थुंकत होते.

शेवटी डोक्याला रुमाल घट्ट बांधून गेले
गिडियन इस्बिस्टरकडं.
अकरा वर्षं बोललो नव्हतो.
कारण पीट. दलदलीतली काळी माती,
उन्हाळ्यात कापायची, वाळवायची, हिवाळ्यात जाळायची.
त्याचं म्हणणं, मी चार हात त्याच्या हद्दीत कापलं.
साडेतीन होते.

"बोट हवंय," मी उंबऱ्याबाहेरूनच ओरडले.
"बोट?" वाऱ्यात तोही ओरडला,
"बोटी तीन दिवस बंद आहेत, ठाऊक नाही?"
मी हात वर करून दाखवलं. हे. हे बोट.

आला. बूट दारात काढले.
मोज्याला टाचेशी भोक होतं,
मी पाहिलं आणि शेवाळी लोकरीकडं पाहिलं
आणि गप्प राहिले.
अकरा वर्षं माझ्या चुकीवर ठेवलेलं बोट
त्यानं गाठीवर ठेवलं.
जाड, जाळ्याच्या दोरांनी चिरलेलं,
नखात ते काळं, कुणाच्या हद्दीतलं कोण जाणे.
"दाब."
"दाबलंय."
एवढंच बोलणं, एकोणतीस वेळा.

विसाव्या गोंड्याला वीज गेली.
मेणबत्ती ओट्यावर, काडेपेटी तिच्या शेजारी,
आणि आम्ही दोघं टेबलाशी तसेच,
हलायची सोय नाही, सोडलं तर सुटलं असतं.
त्याच्या श्वासात घरघर आहे. मला माहीत नव्हतं.
किती वेळ गेला सांगता येत नाही.
त्यानं विचारलं, "सिनक्लेअरला फार त्रास झाला का?"
मी म्हटलं, "नाही. थोडा."
मग दिवे आले, आणि मी दुसरी गाठ मारली.

आमचं सूत जुळलं वगैरे म्हणू नका.
लोकर होती ती.
जाताना बूट चढवत तो म्हणालाच, "चार हात."
"साडेतीन," मी, दार लावता लावता.

सकाळी वारा पडला. तोरण जागेवर,
पण एक गोंडा कमी, तपकिरी.
तारेवरून निसटलाय, गाठ मात्र धरून आहे;
भिजून फुगलाय, तरी गोलच दिसतोय खिडकीतून,
त्याच्या हद्दीत पडलेला,
कुंपणापासून साडेतीन हात आत.
चारही असतील.