उटी

मानकापूरला, टायरवाल्याच्या शेजारी माझं शटर.
मे महिना. पत्रा असा तापतो
की ओल्या पोत्यावर स्टीलचं ताट
आणि ताटावर लॅपटॉप ठेवून मी काम करतो.

दौलत मडावीनं पिकअप लावली तेव्हा
मागे चौदा कूलर होते, छिंदवाड्याला जायचे,
गवताच्या ताट्या वेगळ्या बांधलेल्या.
"सिल्लेवानीच्या घाटात हे बैलावानी बसते.
मालक म्हन्ते, इच्यात जीव टाक."

केबल मी स्टिअरिंगखाली खोचली.
आधी मूळ फाईल उतरवून घेतली.
दुसऱ्याच्या घरात शिरताना
चप्पल कुठे काढली ते लक्षात ठेवावं.

मग तक्ता उघडला.
आडवे इंजिनाचे फेरे, उभा भार,
घराघरात एकेक आकडा:
किती डिझेल, कोणत्या क्षणी.
बाबा गोळीबार चौकात मागावर बसायचे;
करवती काठाचा एक दात चुकला
तर वीतभर उसवायचे, न बोलता.
तसाच मी घरामागून घर सरकलो.
दोन हजार फेऱ्यांपाशी कंपनीनं हात आखडला होता,
तिथे थोडं सैल सोडलं.
टर्बोची हवा जराशी वाढवली.
धुराची मर्यादा होती तशी ठेवली.
मालक फोनवर: "काळा निघू दे ना बे, जोर दिसला पायजे."
मी म्हटलं, शेहेचाळीस डिग्रीत पिस्टन वितळला
की दिसते भाऊ, सगळंच दिसते.

लिहून होईपर्यंत चावीला हात लावायचा नसतो.
बॅटरीला चार्जर,
आणि लाईट जाऊ नये म्हणून
मनातल्या मनात एमएसईबीला नमस्कार.
सव्वीस टक्के. एकसष्ट.
जुना मेंदू पुसलाय, नवा अजून पुरता आला नाही,
अशी गाडी कशी दिसते, पाहिलंय कधी?
अगदी तशीच दिसते.

सगळा वेळ क्लीनर झिबल कुमरे फळीवर बसून होता,
मांडीवर एक दगड.
काळा, पाचरीसारखा, एका अंगानं झिजलेला.
"उटी हाय," म्हणाला.
घाटात गाडी पहिल्या गिअरवर धापा टाकायला लागली
की हा उडी मारून मागच्या चाकासोबत चालायचा,
वाकलेला, दोन्ही हातांत दगड.
थांबली की लावायचा. निघाली की उचलायचा.
एकोणीस वर्षं. तीन गाड्या,
दगड तोच.

कोराडी रोडनं चिमण्यांपर्यंत जाऊन आलो.
"अबे, हे तं पयते!"
दौलत दात काढून हसत होता, मेळ्यातल्या पोरासारखा.
झिबलनं दार घट्ट धरलं होतं.
बिलावर मी लिहिलं: बावीस घोडे जास्त.

तीन आठवड्यांनी दौलत ऑइल बदलायला आला, एकटा.
घाट आता तिसऱ्यावर सुटतो म्हणाला.
अकरा मिनिटं लागायची, आता सात.
ॲव्हरेजही सुधारला. चहा मागवू का म्हणाला.
मी विचारलं, झिबलकाका?
तो रेडिएटरमध्ये पाहत राहिला.
"मालक म्हन्ते, गाडी थांबतच नाही
तं उतरनारा कायले पायजे."

मग सीटखालून त्यानं तो दगड काढला.
"त्या कंप्युटरवाल्याले दे म्हने."
अजून काही?
"नाही. येवढंच."

मूळ फाईल माझ्याकडे आहे.
पिकअपच्या नंबरानं ठेवलेली.
चार मिनिटांत परत टाकता येते,
पण कमी जोर मागायला
आजवर कोणी आलेलं नाही.

दुपारी लू सुटली की शटर वाजतं.
खाली दगड लावून ठेवतो,
झिजलेलं अंग आतल्या बाजूला.