उजवं दार

डलूथच्या थंडीत कोरा कागद चुरगळावा
तसा उजव्या दारातून निवेदक बोलतो.
गाडी बावीस वर्षांची. गंज चाकांवरून वर चढतोय,
इंजिनाची मात्र तक्रार नाही.

दुकानातला लायल दाराचं पॅनल उपटून दाखवतो:
स्पीकरच्या कडेचा फोम, बोट लावताच भुगा,
मागच्या वर्षीच्या पापडासारखा.
"साडेसहा इंची बसेल, रिंग लावून. चार ओहम.
हे साधे. हे वेगळ्या ट्वीटरचे. हे तर..."
किमती जिना चढत जातात.

मग विचारतो, ऐकता काय?
काय सांगू याला.
सकाळी हवामान, बर्फ किती इंच, रस्ता कुठे बंद.
बाकी वेळ सुनीती बोलते, मी हं म्हणतो.

तो फळीवरचं बटण दाबतो. झांज ऐका, म्हणे, किती स्वच्छ.
मी मान डोलावतो.
झांज कुठली, पंख्याची घरघर तेवढी.
मार्चमध्ये डॉक्टरीणबाईंनी कानांचा आलेख काढला,
उजव्याची रेघ घसरगुंडी.
घरी सांगायचं राहिलंय.

"उजवाच फाटलाय," मी म्हणतो.
"जोडीनंच मिळतात," लायल म्हणतो.

साधे घेतले.
दाराच्या पोटात एक हिरवी पेन्सिल निघाली,
दातांनी चावलेली, मुलाची असणार. खिशात टाकली.

संध्याकाळी सुनीतीला कामावरून घेतलं.
काहीतरी म्हणाली. मी हं म्हटलं.
पुन्हा म्हणाली.
मग हात लांबवून तिनंच आवाज कमी केला
आणि सिग्नल हिरवा झाला तरी
माझ्याकडे बघत राहिली.