मानशीचं दार

आमच्याकडे मानस म्हणजे मन नव्हे.
बांधाच्या पोटातलं लाकडी दार ते,
भरतीच्या रेट्याने आपोआप मिटणारं,
ओहोटीला उघडणारं.
आत खाजन, बाहेर साळ नदी,
आणि मधे माझे बाबा, पुर्सो,
काठीला बांधलेला लोखंडी आकडा घेऊन.

जलपर्णी आली ती मडगावच्या अंगाने,
शहराने टाकून दिलेलं सगळं पिऊन
गुबगुबीत झालेली.
त्या वर्षी चवथीच्या माटोळीला
कुणीतरी तिचं फूल बांधलं:
जांभळं, वरच्या पाकळीवर मोराचा डोळा.
आरतीपर्यंतही टिकलं नाही.
आम्ही पोरं तिचे फुगीर देठ टाचेखाली फोडायचो,
फट्, फट्,
दिवाळीला अजून अवकाश होता.

कुणी म्हणे, पिएदादच्या नवऱ्याने आणली,
कुवेतहून आल्यावर टाकीत शोभेला ठेवली.
पिएदाद म्हणे,
तो कुवेतहून आला तो दोन ब्लँकेटं आणि दमा घेऊन.

नवरात्रात पोंय दिसेनाशी झाली.
वाटावं चालत पलीकडे जावं, इतकी हिरवी.
एक म्हैस गेलीही.
सहा माणसं लागली, दोन दोर.

मानशीच्या दाराशी थरावर थर.
ओहोटी व्हायची, दार हलेना.
भात गुडघाभर पाण्यात उभं,
लोंब्या खालून काळ्या पडू लागलेल्या.

मग यंत्र आलं. नारळ फुटला, फोटो निघाले.
तीन दिवस ते कुर्लीसारखं आडवं आडवं सरकलं,
चौथ्या दिवशी पट्ट्यात मुळं गुंतली.
चालवणारा पोर झारखंडचा,
आमच्या ओसरीवर पेज जेवायचा.
म्हणाला, काका,
मी दिवसा काढतो त्याहून जास्त ती रात्री येते.

औषध बाबांना ठाऊक होतं.
सगळ्यांनाच होतं,
म्हणून तर कुणी त्याचं नाव घेत नव्हतं.
मीठ.

कोजागरीची भरती.
बाबा छातीभर पाण्यात उतरले,
आकड्याने दारापुरती जागा केली,
आणि फळीला माडाच्या ओंडक्याचा टेकू दिला.
बॅटरी मी धरली होती. हात हलला की ओरडायचे.
समुद्र आत आला
आवाज न करता,
चपला बाहेर काढून आलेल्या पाहुण्यासारखा.
वाटेतलं पहिलं शेत आमचंच होतं.

आठ दिवसांत ती तपकिरी झाली, मग काळी.
वास असा, की मिस्सेला खिडक्या लावून घेतल्या
आणि देवळात धुपाचा डबा संपला.
भातही गेलं. जया गेलं, ज्योती गेलं.
फक्त बांधाला लागून पिएदादचा तुकडा,
कोरगुटचा, तांबड्या जाड दाण्याचा,
ज्याला आम्ही गरिबाचं भात म्हणून हसायचो,
तेवढा उभा राहिला खाऱ्यात पाय सोडून.

पंचायतीत विचारलं, दार कुणी उघडलं?
बाबा म्हणाले, दार उघडतं ते ओहोटीला.
सरपंच बराच वेळ पेनाचं टोपण लावत होता.

पुढच्या महिन्यात पोंयीत शेवटे उसळले, काळुंदरं आली.
ज्यांनी बोलणं टाकलं होतं त्यांनी मासे घेतले.
पैसे पायरीवर ठेवून जायचे,
वर दगड.

आता आकडा माझ्याकडे आहे.
पिएदादने बियाला दिलेलं कोरगुट डब्यात आहे,
पेरायचं दरवर्षी राहतं.
आणि आज सकाळी वरच्या अंगाने
एक झुडूप येतंय, एकटंच,
त्यावर बेडूक,
फेरीबोटीत जागा मिळाल्यासारखा ऐसपैस.
भरतीला दीड तास आहे.
झुडपाला कळी आहे, उद्या उमलेल.
आकडा पोचतो तिथवर, मी मोजून पाहिलंय.
तरी हात थांबलाय,
एकदा फूल बघू, मग ओढू, असं म्हणत,
आणि मला त्या हाताची भीती वाटते.