आमची कुठेही शाखा नाही

उथळसरला रस्त्याच्या दोन अंगांना
दोन पाट्या एकमेकींवर डोळे वटारून उभ्या आहेत.
आमची म्हणते: धुरी यांची मूळ मालवणी खानावळ.
समोरची: खोबरेकर यांची एकमेव मूळ मालवणी खानावळ.
'एकमेव' नंतर घुसवलेलं, म्हणून जरा चेपलेलं.
खाली दोन्हीकडे, एकाच पेंटरच्या हातची ओळ,
आमची कुठेही शाखा नाही.

माझ्या जन्माआधी ती एकच खानावळ होती.
मग गल्ल्यावरून काहीतरी झालं,
की मसाल्यावरून, की गल्ल्यात मसाला सांडला,
गोष्ट दर गणपतीत बदलते.
एवढंच नक्की, की पाटा त्यांच्याकडे गेला,
वरवंटा आमच्याकडे राहिला,
आणि दोन्ही घरांनी मिक्सर घेतला.

निहार खोबरेकर
बारावीच्या क्लासला माझ्या मागच्या बाकावर.
सहा महिने आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही,
रोज, नीट लक्ष देऊन, पाहिलं नाही.
सकाळी बांगडे साफ करून यायचे मी,
लिंबाची फोड नखानखांत घासून,
तरी शेजारची कानडे पुस्तक उभं धरायची मध्ये.
सर म्हणाले, एस्टरचा वास कसा असतो, सांगा.
मागून पुटपुटणं आलं,
आम्हाला नका विचारू सर,
आम्हाला एकच वास येतो.
त्या 'आम्हाला'त
त्यानं मला धरलं होतं.
मी वळले. त्याच्या बोटांनाही लिंबू.

मग कचराळी तलाव.
डब्यांची अदलाबदल, कठड्यावर, पाय पाण्याकडे सोडून.
त्याच्या घरचं सार माझ्या जिभेवर आलं
तेव्हा मी रागावलेच,
हे तर आमचं आहे.
तो माझा वडा मोडत म्हणाला,
मी पण हेच म्हणणार होतो.
सामंतकाका ट्रॅकसूट घालून फेऱ्या मारत होते.
प्रत्येक फेरीला आम्ही हातभर लांब सरकायचो,
ते गेले की दीड हात जवळ.
काकांची उधारी दोन्ही वह्यांत आहे.
ते तळ्यातल्या बदकांकडे बघत राहिले,
आयुष्यात कधी बदक न पाहिल्यासारखे.

एका रात्री डबा घासायला मी विसरले.
आईनं झाकण काढलं,
कडेला चिकटलेलं सार बोटावर घेतलं, चाखलं.
मी कानडेचं नाव ओठांवर तयार ठेवलेलं.
आई नळाकडे तोंड करून म्हणाली,
"इतकी तिरफळां सुमनच घालता."
मग नळ बराच वेळ चालू राहिला.
बाहेर बाबा सहा नंबरच्या टेबलाला सांगत होते,
समोर खाल तर पोट बिघडेल.

दुसऱ्या दिवशी डबा जड होता.
वड्यांच्या खाली छोटी डबी,
सुकटीची किसमूर.
आमच्या घरात कुणीच खात नाही ती.
निहारनं डबी उघडली, वास घेतला,
आणि पहिल्यांदाच काही न चाखता बंद केली.
"ही आईला नेतो."
त्या दिवशी आम्ही फार बोललो नाही.
त्याचा हात माझ्या हातापासून चार बोटं लांब होता,
ती चार बोटं मी अजून मोजते आहे.

डबी परत आली परवा,
लखलखीत घासून, आत चमचाभर साखर,
रिकामं भांडं परत द्यायचं नसतं म्हणून.
आईनं ती बोटानं निपटून
बाबांच्या चहात घातली, कुणाला काही न सांगता.
बाबा फुरका मारून म्हणाले,
आज चहा बरा झालाय,
आणि पेंटरला फोन लावून विचारू लागले,
'मूळ'च्या आधी 'सर्वांत' बसवायला
किती घेशील?