तेरा कप आणि एक आडवी रेघ

धुण्याच्या ट्रॉलीतून तिने तेरा कप आणले
टॉवेलांत गुंडाळून,
ब्रुकलिनच्या बावन्नाव्या रस्त्याचा चढ एकटीने चढून.
वय एक्क्याऐंशी. नाव राग्नहिल तॉफ्टे.
स्टॉर्मफुगल क्लबची खजिनदार,
म्हणजे चिटणीस, म्हणजे जर्सी धुणारी,
म्हणजे उरलासुरला क्लबच.

मी हुपरीचा.
चांदी तळहातावर आली की आधी वजन बोलतं.
म्हणालो, बाई, यातले नऊ पितळेचे, वरून मुलामा.
ती म्हणाली, माहीत आहे.
पितळेच्यांसाठीच जास्त पळावं लागलं.

रिठ्याच्या पाण्यात एकेक बुडवत गेलो,
तसा काळपटातून क्लब वर येत गेला.
एकोणीसशे अकरा : गोदीतले सुतार, दोन खलाशी,
एक पाव भाजणारा, जो पिठाच्या हातांनी गोल अडवायचा
आणि चेंडूवर पांढरे पंजे उमटायचे.
सव्वीस : जिल्ह्याचा करंडक.
एकतीस : पुन्हा तोच, कुणालाच काम नव्हतं त्या साली.
'सराव भरपूर झाला,' ती म्हणाली. हसली नाही.

क्लबाचं छप्पर त्यांनी रविवारी-रविवारी घातलं,
ज्याचा त्याचा हातोडा, मजुरी नाही, शेवटी सूप.
याला आम्ही दुग्नाद म्हणतो.
मी म्हटलं, आमच्याकडे इर्जिक.
तिने शब्द तोंडात घोळवला : इर्यिक.
तिच्या जिभेवर ज चा य झाला,
आणि मला वाटलं, शब्द बोट धरून नॉर्वेला जाऊन आला.

मग मीही सांगत सुटलो,
कोल्हापुरात पेठेपेठेत तालमी,
तालमीतूनच फुटबॉलचे संघ,
आपला संघ हरला तर त्या रात्री
गल्लीत मटणाचा वास येत नाही.
'हरल्यावर आमच्याकडेही मासे खारटच लागतात,'
ती म्हणाली, 'जिंकल्यावरही.'

सातवा कप चांदीचा.
साल बेचाळीस. त्यापुढे नावं नाहीत, गोल नाहीत,
नुसती एक आडवी रेघ,
कोरणी थरथरली होती कुणाची तरी.

अंतिम सामना रविवारी होता.
शनिवारी रात्री जहाजांना हुकूम आला,
दिवे विझवून निघाली.
मैदानावर समोरचा संघ, स्कॉटिश बॉयलरवाले,
चाळीस मिनिटं उभा राहिला रांगेत.
मग कप त्यांनीच क्लबाच्या दारात नेऊन ठेवला,
सोबत चिठ्ठी : आल्यावर खेळू.

शेहेचाळीसला खेळले.
अकरांतले चार परत आले होते.
स्कॉटिशांनी आपले सात दिले यांच्या बाजूला,
आणि स्वतः चौघेच उरले.
तरीही चार-चार खेळू असं कुणाला सुचलं नाही?
मी विचारलं.
'माझे वडील त्या चौघांतले.
म्हणायचे, मैदान मोठं असतं रे, ते भरावं लागतं.'

किती गोल झाले, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

शेवटच्या कपावर यंदाची नावं घालायची होती.
बार्साल्यो, किस्पे, दोन लिन, ओकाफोर...
नॉर्वेचा कुणीच नाही?
गोलकीपरची आजी बर्गनची, असं तो म्हणतो. मी खोदून विचारत नाही.
आणि यंदा क्रमांक कितवा?
शेवटचा.
मग कशाबद्दल कोरू?
तिने माझ्याकडे पाहिलं, जसं नापास पोराकडे बघतात :
'दोन हजार नऊला सहाच जण यायचे.
यंदा अकरा.'

नावाला दीड डॉलर माझा दर.
तिने डब्यातून सुटे मोजले, दोनदा.
म्हणाली, खाली जागा सोड.
आणि ती रेघ उजळू नकोस.

मी रेघेच्या कडेकडेने फडकं फिरवलं.
भोवती चांदी लखलखली,
मध्ये ती काळीच, भरलेल्या जखमेच्या व्रणासारखी.

दारातून ट्रॉली काढताना ती वळली :
रविवारी दहाला जाळी बांधायची आहे.
तुझ्या हाताला गाठी मारता येतात ना?
सूप असतं.